मुलाला ऑटिझम असल्याचे कळल्यानंतर पालकांनी आधार कुठे आणि कसा शोधावा

ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, निदान झाल्यावर पालकांच्या हाती बहुधा एक अहवाल आणि दोन-तीन थेरपी केंद्रांचे पत्ते पडतात. ‘स्पीच’ (वाचा-उपचार) कुठे लावायची, ‘ओटी’ (व्यवसायोपचार) आठवड्यातून किती वेळा करायची, शाळेला कळवायचे की नाही, आजी-आजोबांना काय सांगायचे, हे सगळे त्यांना त्याच काही दिवसांत ठरवायचे असते, तेही झोप उडालेल्या अवस्थेत आणि बऱ्याचदा एकट्याने. मुलासाठी काय करावे हे सांगणारे अनेक जण भेटतात. आई-वडिलांनी स्वतःसाठी कोणाकडे जावे हे मात्र क्वचितच कोणी सांगते. माझे मत असे आहे की, थेरपी केंद्र पक्के करण्याआधी, किंवा फार तर त्याच्या बरोबरीने, या वाटेवर चार-पाच वर्षे पुढे गेलेला एक तरी पालक गाठावा. घाईत निवडलेले केंद्र, न झेपणारे वर्षभराचे पॅकेज आणि खोट्या आश्वासनांवर खर्च झालेली बचत, या सर्वांमागे बहुतेक वेळा विचारायला कोणी नसणे हेच कारण असते. पुढील मांडणी मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातील पालकांसाठी आहे.

तपासणीच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी

निदान ज्या भेटीत सांगितले जाते, त्या भेटीतले निम्मे बोलणे लक्षात राहत नाही. म्हणून सविस्तर लेखी अहवाल मागून घ्यावा. कोणत्या चाचणीवरून निष्कर्ष काढला, मुलाला काय चांगले जमते, श्रवणचाचणी झाली आहे का आणि फेरतपासणी केव्हा करायची, हे त्यात लिहिलेले असावे. आपल्याकडे तीव्रता ठरवण्यासाठी ‘आयएसएए’ ही भारतीय मोजपट्टी बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. तिच्यात सहा विभागांत मिळून ४० बाबी असतात आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण दिले जातात. एकूण गुण ७० ते १०६ असल्यास सौम्य, १०७ ते १५३ असल्यास मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास तीव्र अशी वर्गवारी होते. हे गुण मुलाची बुद्धी मोजत नाहीत आणि दहा वर्षांनी ते काय करू शकेल याचे भाकीतही करत नाहीत. नातेवाईक सर्वांत आधी हाच आकडा विचारतात, त्यामुळे त्याचा अर्थ आपण डॉक्टरांकडून नीट समजून घेतलेला बरा.

त्याच भेटीत आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. इथे पालकांच्या बैठका होतात का, हा पहिला प्रश्न. दुसरी विनंती अशी की, साधारण आपल्याच मुलाच्या वयाचे मूल असलेल्या आणि मराठी बोलणाऱ्या एखाद्या कुटुंबाशी डॉक्टरांनी आपली गाठ घालून द्यावी. दुसऱ्या रुग्णाचा क्रमांक डॉक्टर देऊ शकत नाहीत आणि त्यांनी तो देऊही नये. पण ‘आमचा क्रमांक त्यांना द्या, त्यांना वाटले तर ते फोन करतील’ असे सांगितले तर ही अडचण राहत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी, मुलाला सोबत न घेता, फक्त पालकांसाठी एक वेळ मागून घ्यावी, कारण खरे प्रश्न घरी गेल्यावर सुचतात. महापालिकेच्या किंवा सरकारी मोठ्या रुग्णालयात असाल तर वैद्यकीय समाजसेवकांनाही भेटून घ्यावे. योजना, प्रमाणपत्र आणि जवळच्या संस्था यांची माहिती अनेकदा डॉक्टरांपेक्षा त्यांच्याकडे अधिक असते आणि बोलायला वेळही असतो.

घरातली माणसे

बाहेरचा आधार शोधण्याआधी घरातल्या दोषारोपांचा बंदोबस्त करावा लागतो. ‘तिच्या नोकरीमुळे झाले’, ‘मोबाइल हातात दिला म्हणून झाले’, ‘एकत्र कुटुंब असते तर बोलला असता’, ‘त्याचा बाबाही उशिरा बोलला होता, उगाच डॉक्टरांच्या नादी लागलात’ ही वाक्ये अनेक घरांत ऐकू येतात आणि त्यांचा रोख बहुतेक वेळा आईकडे असतो. हा आरोप नवा नाही. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेत ऑटिझमचे सविस्तर वर्णन केले, आणि पुढची दोन दशके आईच्या मायेतला थंडपणा हेच त्याचे कारण मानले जात होते. तो समज खोडून काढण्यात पालकांचाच मोठा वाटा होता. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील आणि मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६४ मध्ये ऑटिझमची मुळे जैविक असल्याचे साधार मांडले. १९७७ मध्ये जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा भाग स्पष्ट केला. सासूबाईंना ही सनावळी ऐकवण्याची गरज नाही. पण डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्यावे आणि ‘हे कशामुळे झाले?’ हा प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा. सुनेने सांगितलेले आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलेले यांत आपल्या घरांत अजूनही फरक पडतो. तो आपल्या बाजूने वापरून घेण्यात गैर काही नाही.

आजी-आजोबांकडून ‘स्वीकार’ मागत बसण्यापेक्षा त्यांना एखादे ठरलेले काम द्यावे. रोज संध्याकाळी अर्धा तास मुलाला बागेत नेणे, जेवताना ठरावीक चार शब्द पुन्हा पुन्हा वापरणे किंवा आठवड्यातून एकदा थेरपीला घेऊन जाणे यांतून त्यांना मूल कळत जाते आणि आईचा तेवढा वेळ मोकळा होतो. याच संदर्भात भाषेबद्दल एक सूचना करावीशी वाटते. ‘मूल गोंधळेल, घरात फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला पुण्या-मुंबईत आणि परदेशांतील मराठी कुटुंबांनाही सर्रास दिला जातो. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्यामुळे ऑटिस्टिक मुलांच्या भाषाविकासाला अपाय होतो, असे आजवरच्या संशोधनात आढळलेले नाही. घरातली मराठी बंद केली, तर ज्या आजीचा सर्वाधिक आधार मिळाला असता तिलाच नातवाशी बोलता येत नाही.

नवरा-बायको एकाच वेगाने सावरत नाहीत. एक जण रात्र-रात्र माहिती वाचत बसतो, दुसरा विषयच टाळतो. एक जण रडतो, दुसरा जादा कामाचे तास घेतो. दोघांनाही एकमेकांचे वागणे बेफिकिरीचे वाटते. आठवड्यातून एक ठरलेली वेळ फक्त पैसे, वेळापत्रक आणि पुढचा निर्णय एवढ्यासाठी राखून ठेवली, तर रोजच्या जेवणाच्या ताटावर होणारे वाद बरेच कमी होतात.

नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना काय सांगायचे, ती वाक्ये आधीच तयार ठेवावीत. ‘त्याला ऑटिझम आहे. त्याला गोंगाट सहन होत नाही, म्हणून आम्ही मांडवात थोडाच वेळ थांबू. हाक मारल्यावर त्याने पाहिले नाही तर राग मानू नका,’ एवढे पुरते. सगळ्यांना सगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

पहिला पालक कुठे भेटतो

सर्वांत विश्वासाची जागा म्हणजे थेरपीच्या खोलीबाहेरचा बाक. तिथे मुलाचे सत्र संपण्याची वाट पाहणारे पालक रोज बसलेले असतात आणि बहुतेक जण मोबाइलमध्ये डोके घालून असतात, कारण सुरुवात कोणी करायची हा प्रश्न असतो. ‘आम्ही नवीन आहोत. तुम्ही किती दिवसांपासून येता?’ एवढ्या प्रश्नावर संभाषण सुरू होते. केंद्राबद्दलची खरी माहितीही याच बाकावर मिळते: सत्र प्रत्यक्षात किती मिनिटे चालते, पालकांना आत बसू देतात का, शिक्षक वारंवार बदलतात का.

त्यानंतर संस्थांकडे वळावे. मुंबईत फोरम फॉर ऑटिझम ही पालकांनी उभी केलेली संस्था आहे. उम्मीद बालविकास केंद्र २००१ पासून मुलांच्या विकासातील अडचणींवर कुटुंबाला सोबत घेऊन काम करते. शिवडीतील जय वकील संस्था १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करत आली आहे. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आणि छत्रपती संभाजीनगरात आरंभ या संस्था आहेत. गोव्यात सेतू ही संस्था बालविकास आणि कुटुंब-मार्गदर्शनाचे काम करते. दिल्लीची ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था मेरी बरुआ यांनी, स्वतः एका ऑटिस्टिक मुलाच्या आई असलेल्या बाईंनी, १९९१ मध्ये सुरू केली. देशातील अनेक पालक आणि शिक्षक तिथे शिकून आपापल्या गावी परतले आहेत. ‘परिवार’ हा पालक-संघटनांचा राष्ट्रीय महासंघ असून आपल्या जिल्ह्यात कोणती संघटना आहे हे त्यांच्याकडे विचारता येते.

मोठ्या शहरांबाहेर असाल तर जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रापासून सुरुवात करावी. लोक त्याला ‘डीईआयसी’ म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथूनच सुरू झाला आणि या केंद्रांची योजना त्याचाच भाग आहे. अंगणवाडी आणि शाळांमध्ये तपासणीसाठी येणारी पथके मुलांना इथे पाठवतात, त्यामुळे आपल्या तालुक्यातील समान परिस्थितीतील कुटुंबे या केंद्राला ठाऊक असतात. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात. गावोगाव फिरून मुलांना भेटणारी ही माणसे दोन पालकांची गाठ घालून देण्यास फार उपयोगी पडतात. दरवर्षी २ एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन असतो. त्या दिवशी इमारतींवर लावल्या जाणाऱ्या निळ्या दिव्यांचा पालकांना काही उपयोग होतो असे मला वाटत नाही, पण त्या आठवड्यात होणाऱ्या कार्यक्रमांना एरवी न दिसणारे पालक एकत्र येतात, म्हणून तिथे जरूर जावे.

पहिल्या फोनवर फार मोठे प्रश्न विचारू नयेत. ‘आमचा बरा होईल का?’ या प्रश्नाला समोरच्या पालकाकडेही उत्तर नसते आणि ऑटिझम हा बरा करण्याचा आजारही नाही. ‘पहिल्या वर्षात तुम्ही काय केले नसते तर चालले असते?’, ‘कोणत्या खर्चाचा उपयोग झाला?’, ‘शाळेला केव्हा आणि कसे सांगितले?’ या प्रश्नांची उत्तरे मात्र कोणत्याही पुस्तकात मिळत नाहीत. शक्य असल्यास तीन वेगवेगळ्या पालकांशी बोलावे. एकाचे मूल न बोलणारे असते, दुसऱ्याचे भरपूर बोलणारे पण वर्गात न टिकणारे असते. एकाच्याच अनुभवावरून आपल्या मुलाचे चित्र रंगवू नये. ऑटिस्टिक प्रौढ व्यक्तींशी बोलण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. कान झाकून बसणारे मूल आतून काय अनुभवत असते, हे ते जितक्या नेमकेपणाने सांगू शकतात तितके आपण पालक सांगू शकत नाही.

गट निवडताना काय पाहावे

व्हॉट्सॲपवरचा गट आणि प्रत्यक्ष भेटणारा गट यांचे काम वेगळे आहे. ‘दादरजवळ मुलांचे कोणते दंतवैद्य समजून घेतात?’ या प्रश्नाला व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांत उत्तर मिळते. रात्री अकरा वाजता आलेली निराशा मात्र तिथे लिहिली की कोणी सुविचार पाठवते आणि कोणी गोळीचे नाव. म्हणून महिन्यातून एकदा का होईना, समोरासमोर भेटणारा गट हवा.

चांगल्या गटात नवीन आलेल्या पालकाला आधी ऐकले जाते आणि विचारल्याशिवाय सल्ला दिला जात नाही. तिथे मुलांची तुलना होत नाही, आणि न बोलणाऱ्या किंवा मोठ्या वयाच्या मुलांचे पालकही टिकून असतात. केवळ ‘यशोगाथा’ सांगणाऱ्या गटातून अशी कुटुंबे गुपचूप बाहेर पडलेली असतात. मुलांची छायाचित्रे आणि चित्रफिती परवानगीवाचून बाहेर जाणार नाहीत असा नियम असावा. गट चालवणारी व्यक्ती एखादे केंद्र, आहारपूरक भुकटी किंवा विमा विकत असेल, तर माहिती घ्यावी, पण निर्णय दुसरीकडे विचारून करावा. दोन-तीन बैठकांनंतरही घरी येताना मन अधिक जड होत असेल, तर तो गट सोडून द्यावा. दुसऱ्या गटात आपले जमू शकते.

बैठकांना बहुतेक आयाच येतात. वडिलांना ‘भावना व्यक्त करा’ असे सांगून बोलावले तर ते सहसा येत नाहीत; प्रमाणपत्र, करसवलत, शाळाप्रवेश असा विषय ठेवला की येतात, आणि एकदा आले की पुढचे बोलणे आपोआप होते. बैठक रविवारी सकाळी ठेवावी आणि मुलांना सांभाळण्याची सोय त्याच इमारतीत करावी, नाहीतर दोघांपैकी एकाला घरीच थांबावे लागते.

आपल्या गावात गट नसेल तर

तालुक्याच्या गावात गट नसणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तो सुरू करण्यासाठी संस्था नोंदवण्याची, लेटरहेड छापण्याची किंवा अध्यक्ष निवडण्याची काहीही गरज नसते. तीन कुटुंबे पुरेशी होतात. केवळ ऑटिझमवर अडून बसल्यास लहान गावात तीन कुटुंबेही मिळत नाहीत. अशा वेळी डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांना सोबत घ्यावे. निदाने वेगळी असली तरी शाळा, प्रमाणपत्र, लोकांच्या नजरा आणि थकवा हे सर्वांचे सारखेच असते.

डीईआयसीतील समुपदेशक, बालरोगतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांच्याकडे एक चिठ्ठी द्यावी: ‘विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांची भेट, महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा, जिल्हा परिषद शाळेचा वर्ग,’ आणि खाली एक फोन क्रमांक. दिवस आणि जागा दर महिन्याला बदलू नये. एकदा चुकलेल्या पालकाला पुढच्या वेळी न विचारता येता आले पाहिजे. शाळेचा वर्ग, वाचनालयाचा हॉल किंवा ग्रामपंचायतीची खोली बहुधा विनामूल्य मिळते. कोणाच्या घरी बैठक ठेवल्यास चहापाण्याचा भार त्याच घरातल्या बाईवर पडतो आणि चौथ्या महिन्यात गट बंद पडतो, हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने मुलाचे नाव, वय आणि सध्याची एक अडचण सांगावी. त्यापुढे कोणताही कार्यक्रम नको. दुसऱ्या बैठकीपासून अर्धा वेळ एखाद्या ठरलेल्या विषयाला आणि अर्धा वेळ मोकळ्या बोलण्याला द्यावा. कोणी रडले तर पाणी द्यावे आणि थांबावे, लगेच समजूत घालण्याची घाई करू नये. कोणाच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार आला, तर तो गटाच्या आवाक्यातला प्रश्न नाही. त्या व्यक्तीला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे.

सहा-आठ कुटुंबे टिकली की गटाचा आणखी एक उपयोग होऊ लागतो. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. एकट्या पालकाने नगरपरिषदेत जाऊन हा निधी कशावर खर्च झाला असे विचारले तर त्याला टेबलावरून टेबलावर फिरवले जाते. आठ पालक लेखी निवेदन घेऊन गेले की मुख्याधिकारी वेळ देतात.

पालकांचे प्रशिक्षण

मुलासोबत घरी काय करावे हे हाताशी आले की पालकांची घालमेल मोठ्या प्रमाणात कमी होते, म्हणून प्रशिक्षण हाही आधाराचाच भाग धरावा. या बाबतीत गोव्याचे उदाहरण महत्त्वाचे आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी या दोन ठिकाणी मिळून ‘पास’ नावाचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यातील काम संगाथ या संस्थेने केले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरी जात, आई किंवा वडील मुलाशी खेळत असतानाची चित्रफीत घेत आणि ती पालकांसोबत पाहून मूल कोणत्या क्षणी प्रतिसाद देऊ पाहत होते हे दाखवत. पालकांचा मुलाशी जुळणारा सूर सुधारला आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. महागडी उपकरणे यात कुठेच नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २ ते ९ वर्षे वयाच्या, विकासात अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी प्रशिक्षणक्रम तयार केला आहे. त्यात नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी असतात आणि पालकांच्या स्वतःच्या स्वास्थ्यासाठीही त्यात जागा ठेवलेली आहे. आपल्या केंद्रात असा काही उपक्रम आहे का, हे विचारावे. ज्या केंद्रात पालकांना दाराबाहेर बसवून ‘आम्ही पाहतो, तुम्ही काळजी करू नका’ असे सांगतात, तिथे मुलाला आठवड्यातून दोन-तीन तासच मिळतात. उरलेले सगळे तास ते घरीच असते.

कागदपत्रांचे काम

हे काम रुक्ष आहे, पण एका अनुभवी पालकासोबत एका दिवसात जे समजते त्यासाठी एकट्याला अनेक खेपा घालाव्या लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांमध्ये ऑटिझमचा समावेश आहे. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी झाल्यावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ हे दिव्यांगांचे ओळखपत्र मिळते. बहुतेक लाभांसाठी दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असावे लागते. ‘मुलावर शिक्का बसेल’ या भीतीने अनेक कुटुंबे हे वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. माझ्या मते प्रमाणपत्र काढून ठेवावे आणि कोणाला दाखवायचे ते आपण ठरवावे.

प्रमाणपत्र हाती आले की राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याची चौकशी करावी. ऑटिझम असलेल्या व्यक्तीला त्यात १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि काही मर्यादेत थेरपीचा खर्चही धरला जातो. जुन्या करप्रणालीत कर भरणाऱ्या पालकांना ७५,००० रुपयांची, तर दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या पालकांना, ते मुलाचे मुख्य सांभाळकर्ते असल्यास, नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. शाळेने केवळ ऑटिझमच्या कारणाने प्रवेश नाकारला तर ते कायद्याला धरून नाही. नकार लेखी मागावा आणि पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करावी. लेखी नकार मागताच काही शाळांची भाषा बदलते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

स्वतःची प्रकृती

दुःख होणे हा आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, भूक गेली असेल, मुलावर हात उचलला जात असेल किंवा ‘आमच्यानंतर याचे कोण’ या विचारातून दोघांनीही संपून जावे असे मनात येत असेल, तर गटाची बैठक येण्याची वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पालकाने स्वतःसाठी औषध घेणे म्हणजे मुलाच्या बाबतीत हार मानणे, असे समजण्याचे कारण नाही.

विश्रांतीची सोय आपल्याकडे संस्थात्मक पातळीवर फारच तोकडी आहे, त्यामुळे ती आपसांत करावी लागते. एकमेकांच्या मुलांना ओळखणारी दोन कुटुंबे महिन्यातून एका दुपारी आळीपाळीने दोन्ही मुले सांभाळू शकतात. सुरुवातीला मुलाचे पालकही तिथेच थांबतील, मग तासभर बाहेर जातील, असे हळूहळू करावे. मुलाला काय आवडते, काय खुपते, रडू लागल्यास काय करायचे, शौचाला जायचे असल्यास ते कसे सांगते, हे एका कागदावर लिहून द्यावे. हाच कागद पुढे शाळेतल्या बाईंना, मावशीला आणि दवाखान्यातही उपयोगी पडतो.

घाबरलेल्या पालकांचे गिऱ्हाईक करणारे

निदानानंतरच्या महिन्यांत मोबाइलवर ‘ऑटिझम पूर्ण बरा’ अशा जाहिराती दिसू लागतात. स्टेम सेल (मूलपेशी) उपचारांसाठी लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नैतिकता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याचा प्रचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. शरीरातील जड धातू काढण्याच्या नावाखाली दिली जाणारी औषधे तर जिवावर बेतू शकतात. लशीमुळे ऑटिझम होतो हा समज ज्या १९९८ च्या शोधनिबंधातून पसरला, तो निबंध नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. धाकट्या भावंडाचे लसीकरण त्या भीतीने थांबवू नये.

थेरपिस्टची नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नये. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. महाराष्ट्रातील व्यवसायोपचारतज्ज्ञांसाठी राज्याची वेगळी परिषद आहे. मोठी रक्कम आगाऊ मागितली गेली, तर ‘घरी विचारून सांगतो’ असे म्हणून बाहेर पडावे आणि आपल्या ओळखीच्या त्या जुन्या पालकाला फोन करावा.

भावंडे आणि पुढची वर्षे

भावंडांना वयानुसार खरे सांगावे. ‘दादा मुद्दाम करत नाही, त्याला आवाज फार मोठा ऐकू येतो,’ हे पाच वर्षांच्या मुलीलाही समजते. तिची कुरबूर ऐकून घ्यावी आणि आठवड्यातला थोडा वेळ केवळ तिच्यासाठी ठेवावा. ‘आमच्यानंतर तूच’ हे वाक्य शाळकरी मुलीसमोर उच्चारू नये.

मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने आई-वडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत, ही गोष्ट अनेकांना बँकेच्या खिडकीवर प्रथम कळते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. ऑटिझम असलेल्या प्रौढाला आवश्यक तेवढ्यापुरते कायदेशीर पालकत्व त्या समितीकडे अर्ज करून मिळवता येते. सगळ्याच ऑटिस्टिक तरुणांना त्याची गरज नसते; ज्याला स्वतःचे व्यवहार समजतात त्याचे निर्णय त्याच्याकडेच राहू द्यावेत. गरज आहे असे दिसत असेल तर सतराव्या वर्षीच चौकशी सुरू करावी. आपल्या जिल्ह्याची समिती नियमित भरते का, कागद कोणते मागते आणि निकालाला किती काळ लावते, हे त्या जिल्ह्यातील जुन्या पालकांना विचारावे; ते या प्रक्रियेतून गेलेले असतात.